तिसऱ्या रकान्यातली सहा वर्षं

प्रश्न अगदी साधा होता, आणि विचारणारी मुलगी अगदी सभ्य. "तिसऱ्या रकान्यातली ही सहा वर्षं आमच्या देशाच्या नावावर दाखवलेली आहेत. त्याची मूळ नोंद पाहायला मिळेल का?" एवढंच विचारून तिने माइकचं बटण बंद केलं, समोरच्या ग्लासातलं घोटभर पाणी प्यायली आणि वही उघडून उत्तराची वाट पाहत बसली. सभागृहात कुणाचं फारसं लक्षही नव्हतं. कुणी मोबाइल पाहत होतं, कुणी कानातलं भाषांतराचं यंत्र काढून कान खाजवत होतं. पण दुसऱ्या रांगेत, आपल्या देशाच्या पाटीच्या बरोबर मागे बसलेल्या बाईला मात्र हातातलं पेन खाली ठेवायचं असतं हेही सुचेना. बारा वर्षं झाली होती तिने केलेल्या त्या तक्त्याला. बारा वर्षांत आठ सत्रं, तीन अध्यक्ष, टोपलीभर दुरुस्त्या; आणि या प्रश्नाशी येऊन कुणी थांबलं नव्हतं. कुणी थांबलं नाही म्हणून प्रश्नच नाही, असं तीही हळूहळू धरून चालली होती. आता ती समोरची, पंचविशी जेमतेम ओलांडलेली असेल, चष्मा नाकावर सरकवत शांतपणे बसली होती.

तिला शिष्टमंडळात सगळे आकडेबाई म्हणत. तोंडावर म्हणत आणि तिलाही ते आवडत असे, उगाच नाही कशाला म्हणा. कुठल्या देशाने आजवर आभाळात किती धूर सोडला, याचा हिशेब लावायचा हे तिचं काम. ऐकायला सोपं वाटतं, पण सगळी भांडणं 'आजवर' या शब्दात. आजवर म्हणजे कधीपासून? गिरण्या सुरू झाल्या तेव्हापासून, की हा धूर वाईट असतो हे कळलं तेव्हापासून? आणि जो देश तेव्हा दुसऱ्याच्या ताब्यात होता, त्याच्या डोंगरावर तुटलेल्या झाडाचा दोष कुणाचा, तोडणाऱ्याचा की तोडायला लावणाऱ्याचा? तक्त्यात तीन रकाने होते. पहिला कोळशाचा, दुसरा तेलाचा, तिसरा तोडलेल्या जंगलांचा. तिन्हींची बेरीज जगाच्या बेरजेच्या तीन टक्क्यांवर गेली की तो देश पहिल्या यादीत. पहिल्या यादीतल्यांनी आधी भट्ट्या विझवायच्या, आधी वीज कमी करायची. तीनच्या खाली राहिला तो दुसऱ्या यादीत, त्याला वीस वर्षांची सवड. तिच्या देशाचा आकडा होता दोन पूर्णांक सहा. शाळेच्या पुस्तकात तो छापला होता, मंत्र्यांच्या भाषणात तो यायचा, एकदा तर रिक्षावाल्याने तिलाच ऐकवला होता, "बाई, आपण फक्त दोन पूर्णांक सहा, आणि नावं आपल्यालाच ठेवतात बघा." तेव्हा तिला इतका आनंद झाला होता की घरी येऊन तिने वहिनीला तो किस्सा दोनदा सांगितला. त्या सहा वर्षांचं जंगल जुन्या राज्यकर्त्यांच्या नावावरून काढून आपल्या नावावर घातलं, तर मात्र दोन पूर्णांक सहाचे तीन पूर्णांक एक होतात. हे तिला आज कळलं नव्हतं. बारा वर्षांपूर्वी, तक्ता केला त्याच दिवशी कळलं होतं.

दुसऱ्या रांगेतल्या माणसाने बोलायचं नसतं. त्याच्यापुढे माइकच नसतो. पहिल्या रांगेत बसलेल्या मुख्य माणसाने मान वळवली की चिठ्ठी द्यायची, बस. त्यांच्या मंडळाचे मुख्य म्हणजे वकीलसाहेब. एके काळी खरंच वकिली करत, आता नुसतं नाव उरलं होतं. त्यांनी मान वळवली आणि ओठ न हलवता विचारलं, "नोंद आहे ना?" आणि काय सांगावं, तिची मान हलली. तिने हलवली नाही, हलली. वकीलसाहेबांनी पुढे वळून बटण दाबलं. "माननीय प्रतिनिधींना जेवणानंतर माहिती देऊ." अध्यक्षांनी आभार मानले आणि गाडी पुढच्या परिच्छेदावर गेली. जेवणाला अजून एक तास दहा मिनिटं होती. या खोलीला खिडकी नव्हती. भिंतीला राखाडी कापड लावलं होतं, त्यामुळे खोकला आला तरी तो आपल्याच छातीत परत येतो असं वाटे. तिच्या डावीकडे ऊर्जा खात्याचा अधिकारी पाय पसरून बसला होता, उजवीकडे भिंत. उठायचं म्हटलं तर अख्खी रांग उठवायला हवी, आणि आत्ता उठलं तर का उठली म्हणून सगळे बघणार. ती बसून राहिली. इतकी वर्षं या खुर्चीत बसण्यासाठी तिने काय काय केलं होतं, आणि आता त्याच खुर्चीचे हात तिला दोन्ही बाजूंनी टोचत होते.

तक्त्याच्या खाली बारीक अक्षरात तिनेच लिहिलं होतं : 'समकालीन नोंदींनुसार'. तेवढ्यावर बारा वर्षं गेली. नोंद कसली, डोंबल. तो एक रविवार होता. आई तेव्हा होती. जेवणाच्या टेबलावर ती, आई आणि वडील, म्हणजे अण्णा. दादा-वहिनी कुठेतरी लग्नाला गेले होते. तिने सकाळभर बसून बेरजा केल्या होत्या, एकदा ती सहा वर्षं इकडे घालून, एकदा तिकडे घालून. एक बेरीज तीनच्या वर, एक खाली. राज्य बदललं त्यानंतरही सहा वर्षं डोंगरात तोड चालूच होती, आणि तीही अशी की आधीच्या वीस वर्षांत झाली नसेल. ती तोड कुणाच्या परवान्यावर? जुन्या सरकारने जाताजाता दिलेले परवाने पुढे चालू राहिले असतील, तर दोष त्यांचा. आणि घरातच माणूस होता. अण्णा त्या सहा वर्षांत सरकारी लाकूड वखारीत मोजणीदार होते. बावीस वर्षांचे होते, नव्याने लागलेले. झाडाचा छातीच्या उंचीवरचा घेर मोजायचा, खडूने आकडा घालायचा, वहीत चढवायचा आणि मग कुऱ्हाडवाल्यांना हात करायचा. तिने ताटावरून मान वर करून विचारलं होतं, "अण्णा, ते परवाने जुन्या सरकारचेच होते ना हो? तुम्ही लोक नुसते मोजत होतात." आता आठवलं की तिला लाजच वाटे. उत्तर माणसाच्या तोंडात घालून का कुणी प्रश्न विचारतं? अण्णांनी आधी आईकडे पाहिलं होतं. मग पाण्याचा पेला उचलला, खाली ठेवला आणि म्हणाले, "हो. त्यांचेच. आम्ही काय, मापं घेणारे." आई भात कालवत होती. तिने वर पाहिलं नाही. आणि ही ताट तसंच टाकून उठली, हात धुतला न धुतला, आणि आत जाऊन तळटीप लिहिली.

कचेरीत जाऊन जुने परवाने काढावेत, दोन दिवसांचं काम, एवढं तिला सुचलं नव्हतं का? सुचलं होतं. तेच तर. कुणी अडाणी माणसाने केली असती तर चूक म्हणता आली असती. ती शिकवायची नव्या मुलांना, माणसाच्या तोंडचं कधी धरायचं नाही, कागद बघायचा, कागदावरही विश्वास ठेवायचा नाही, शाई बघायची. आणि स्वतः मात्र बापाच्या एका वाक्यावर देश उभा करून मोकळी झाली. पण अण्णा म्हणजे काही साधा साक्षीदार नव्हे, असं ती स्वतःला समजावत असे. अण्णांनी कधी माप चुकवलं नाही. घरात पलंग आणायचा तर ते तीनदा दार मोजत. तिची उंची मोजताना ते केसांवर पट्टी दाबून धरत, "केसांची उंची धरायची नाही बेबी, ती तुझी नाही," म्हणत. असा माणूस कशाला खोटं बोलेल? पण मग बसचं काय? लहानपणी आजोळी जाताना, म्हणजे आईच्या गावी, डोंगराच्या कडेने रस्ता जाई आणि अण्णा नेहमी दरीच्या बाजूला बसत. डोंगराची बाजू आईला आणि मुलांना. डोंगर उघडे बोडके होते, लालभडक. आईच्या लहानपणी तिथे ओढा होता आणि त्यावर तिच्या बापाची शेती होती. झाडं गेली, दोन-तीन वर्षांत ओढा गेला, मग बरीच माणसं खाली शहराकडे आली. आई सांगे, "त्या मेल्यांनी जाताजाता सगळं ओरबाडून नेलं," आणि अण्णा दरीकडे बघत बसत. तिला वाटे, अण्णांना दरी आवडते. आज, राखाडी भिंतीकडे बघत, चोपन्नाव्या वर्षी, तिला पहिल्यांदा त्या बसमधली जागा नीट दिसली.

जेवणाची सुट्टी झाल्यावर ती ताट न घेताच जिन्याखाली गेली. तिथे जुन्या खुर्च्या एकावर एक रचून ठेवल्या होत्या, त्यांच्याआड उभं राहून तिने घरी फोन लावला. फोन वहिनीने उचलला. "अगं, तुझं जेवण झालं का? इकडे संध्याकाळ झाली. देते हं, बाल्कनीत बसलेत. मोठ्याने बोल, कानातलं यंत्र काढून ठेवलंय त्यांनी, कान दुखतो म्हणतात." मग घासल्याचे, खोकल्याचे आवाज आणि अण्णा. "बेबी? काय गं, आज आठवड्याच्या मधेच?" ते अठ्ठ्याऐंशीचे होते. तिला वाटलं, ठेवून द्यावा फोन. पण तिने विचारलं, आणि या वेळी नीट विचारलं, जसं विचारायला हवं तसं. "अण्णा, राज्य बदलल्यानंतरची ती सहा वर्षं. परवाने कोण देत होतं?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "जुने पहिल्याच वर्षी संपले. नंतर आमच्याच कचेरीने काढले. सही साहेबांची, माप माझं."

"मग मला तेव्हा तसं का सांगितलंत?"

"तुझी आई समोर बसली होती."

खुर्च्यांच्या ढिगातला एक पाय तिच्या पाठीला लागत होता.

"लग्नाआधी सांगायला हवं होतं," अण्णा म्हणाले. "तिचा बाप मला विचारत होता, तुम्ही लाकूडवाले ना, ओढ्यावरची झाडं कुणी तोडली? मी म्हटलं, ते लोक. दुसरं काय म्हणणार होतो? मुलगी आवडली होती मला. मग एकदा म्हटलं ते म्हटलं. मोठ्या घेराचं जांभूळ होतं ओढ्याच्या तोंडाशी, चौदा फूट. ते मी मोजलं होतं. त्याच्याखाली ती लहानपणी खेळायची म्हणे. चाळीस-पंचेचाळीस वर्षं मला ऐकवत होती ती त्याचं. मी काय करणार? तू विचारलंस तेव्हा ती भात कालवत होती."

"अण्णा, त्याच्यावर इथे सगळं उभं आहे हो."

"मला काय ठाऊक तू ते लिहिणार आहेस म्हणून? मला वाटलं, घरातली गोष्ट." मग, आणि हे त्यांनी इतक्या हलक्या आवाजात म्हटलं की तिला मोबाइल कानावर दाबून धरावा लागला, "पण बरं झालं विचारलंस. आता ती नाही. आता सांगता येतं. तुला कागद हवाय ना? मी लिहून देतो. सगळ्या वर्षांची मापं पाठ आहेत मला. आत्ता बसतो. सूनबाईला सांगतो फोटो काढून पाठव म्हणून."

"नको अण्णा, घाई नको." पण त्यांनी फोन वहिनीच्या हातात दिलाही होता, आणि वहिनी विचारत होती, "अगं, कोरे कागद कुठे असतात तुझ्या कपाटात? आणि हे असे काय एकदम उठून बसले? चार महिन्यांत इतक्या तरतरीत आवाजात बोलले नव्हते बाई."

ती परत आली तेव्हा वकीलसाहेब खुशीत होते. त्यांनी तिला दारातच गाठलं आणि खांद्याला खांदा लावून चालत म्हणाले, "मिटलं. त्या पोरीच्या साहेबांशी बोललो. त्यांच्या सैन्याने परमुलखात जाळलेलं तेल त्यांनी दुसऱ्या रकान्यात धरलेलंच नाही, तुम्हीच मागे दाखवलं होतंत. म्हटलं, आम्ही तुमचा दुसरा विचारत नाही, तुम्ही आमचा तिसरा विचारू नका. लगेच कबूल. बिचारी पोरगी तोंड एवढंसं करून बसलीय." ते हसले. तीही हसली, हसायचं असतं म्हणून. मग ते थांबले. माणूस वाईट नव्हता, हीच अडचण होती. नालायक असता तर तिला सोपं गेलं असतं. ते म्हणाले, "एक मात्र आहे, बाई. तुमच्याकडे याच्याविरुद्ध काही कागद असेल तर आत्ता सांगा. मी भांडेन, रेटेन, काय वाटेल ते करेन, पण समोर कागद असताना खोटं रेटणार नाही. आहे का काही?"

"नाही," ती म्हणाली. तेव्हा ते खरंच होतं. कागद अजून आला नव्हता.

दुपारचं सत्र सुरू झालं आणि अकराव्या मिनिटाला तिच्या मांडीवरचा मोबाइल थरथरला. दोन फोटो. वहिनीने वरून काढलेले, कोपऱ्यात अण्णांचा अंगठा आलेला. अक्षर कापरं, पण ओळी सरळ; खाली पट्टी धरून लिहिल्या असणार. 'मी, लाकूड वखारीतला माजी मोजणीदार, शुद्धीवर असताना लिहितो की...' आणि मग वर्षं. पहिलं वर्ष, झाडं चार हजार एकशे बारा. दुसरं, सहा हजार नऊशे. प्रत्येक वर्षाखाली डोंगराचं नाव, घेराची बेरीज, परवाना कुठल्या कचेरीचा, सही कुणाची. सहाव्या वर्षाखाली लिहिलं होतं, 'एक जांभूळ, घेर चौदा फूट, ओढ्याच्या तोंडाशी. हे परवान्यात नव्हतं. चुकून माझ्या मापात आलं आणि मी थांबवलं नाही.' शेवटी सही, आणि सहीखाली, जागा उरली म्हणून की काय, 'माझ्या पत्नीला हे सांगायचं राहिलं.' ती वाचत राहिली. पुन्हा वरपासून वाचलं. तिच्यातल्या आकडेबाईला ताबडतोब दिसलं की आकडे बरोबर आहेत. बेरीज त्या डोंगरांसाठी तिने स्वतः धरलेल्या अंदाजापासून दोन टक्क्यांच्या आत येत होती. साठ वर्षं त्या माणसाने हे डोक्यात धरून ठेवलं होतं आणि वर पलंगासाठी दारं मोजली होती.

पुढच्या रांगेत वकीलसाहेबांची पाठ होती. हात लांब केला तर कोटाला लागेल इतकी जवळ. एक चिठ्ठी. 'कागद आला' असे दोन शब्द. तिने पेन उघडलं. आणि तिच्या डोळ्यांपुढे एकदम सगळं उभं राहिलं : विझलेल्या भट्ट्या, त्यांच्या दारातली माणसं, मंत्री, 'हे तुम्हाला बारा वर्षं ठाऊक होतं?' म्हणून विचारणारे, शाळेचं पुस्तक, तो रिक्षावाला. पण खरं सांगायचं तर त्यातल्या कशानेही तिचा हात धरला नव्हता. हात धरला होता भीतीने, साध्या, नागड्या भीतीने, की सगळ्यांना कळेल आकडेबाईने कागद पाहिलाच नव्हता. छी. स्वतःची इतकी किळस तिला कधी वाटली नव्हती. तरीही पेन हलेना. अध्यक्ष परिच्छेदाचा क्रमांक वाचत होते. इथली पद्धत अशी, की हात वर कुणी करत नाही, मतं कुणी मोजत नाही. अध्यक्ष विचारतात, कुणाचा आक्षेप, आणि गप्प राहिलं की झालं मंजूर. "तिसरा रकाना, आहे तसा," अध्यक्ष म्हणाले. "कुणाचा आक्षेप?" समोरची चष्मेवाली मुलगी वहीत काहीतरी गिरवत होती. मग तिने मान वर केली आणि नेमकं हिच्याकडेच पाहिलं. रागाने नाही. नुसतं, तुम्हाला ठाऊक असेल, अशा अर्थाने. हिने नजर खाली घेतली. ऊर्जा खात्याच्या माणसाने जांभई दिली. "आक्षेप नाही. मंजूर," अध्यक्ष म्हणाले, आणि सगळ्यांनी एकदम पानं उलटली.

चहाच्या सुट्टीत ती बाहेरच्या लांबलचक व्हरांड्यात कॉफीच्या यंत्रापुढच्या रांगेत उभी होती, पुढे सात-आठ माणसं, मागे तितकीच, तेव्हा फोन आला. वहिनीचा नंबर, आवाज अण्णांचा. त्यांनी यंत्र कानात घातलं असावं, कारण ते ओरडत नव्हते.

"पोचला का कागद?"

"पोचला, अण्णा."

"अक्षर लागलं? हात जरा कापत होता."

"लागलं. सगळं लागलं."

"दाखवलास सगळ्यांना?"

रांग एक पाऊल पुढे सरकली. तीही सरकली.

"हो," ती म्हणाली.

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला आणि तिला कळलं की ते रडताहेत. आईच्या वेळीही रडले नव्हते. तिने डोळे मिटून घेतले. मागचा माणूस हळूच खाकरला, पुढे जागा झाली होती म्हणून.

"काय म्हणाले गं ते?" अण्णांनी विचारलं. "कुणी काही म्हणालं का?"

"नाही अण्णा," ती म्हणाली. "कुणी काहीसुद्धा म्हणालं नाही."

"चांगली माणसं आहेत," अण्णा म्हणाले. "आता मी जेवतो."